उगवतीला पाय

मायला आंघोळ घालून झाली होती. सोनाकाकू स्वतःच्या पदरानं तिचे ओले केस टिपत बसली होती, तेव्हा मी दारात पोचले. नगरच्या इस्पितळात मी त्या वेळी नर्स होते. माय आजारी आहे हा निरोप आणि माय गेली हा निरोप, दोन्ही मला एकाच सकाळी मिळाले. पहिल्या निरोपावर पिशवी भरत होते, तर दुसरा दारात उभा.

“झोपेतच गेली गं बाई,” सोनाकाकू म्हणाली. “दिव्यावर फुंकर घालावी तशी.”

पण म्हणताना तिनं माझ्याकडे बघितलं नाही. आमच्या मायची जन्माची सोबतीण ती, एका जात्यावर दोघींनी दळण दळलेलं. गळ्यात पडून रडेल असं वाटलं होतं. ती केसच टिपत राहिली.

घर तेच होतं. तीच बाज, तीच उतरंड. फक्त बाजेवरच्या भिंतीला खताच्या कंपनीचं एक कॅलेंडर लटकत होतं. त्या जागी माझ्या जन्माआधीपासून लाकडी क्रूस होता. चुलीच्या धुरानं सगळी भिंत काळवंडलेली आणि क्रूसाखालची तेवढी गोरी राहिलेली. कॅलेंडर अरुंद होतं. त्याच्या दोन्ही अंगांनी दोन गोरे हात बाहेर आलेले दिसत होते.

“मामा, क्रूस कुठाय?”

दावीदमामा उंबऱ्यात बसला होता. मायचा धाकटा भाऊ, देवळाच्या मंडळीतला पंच. डोळे सुजलेले.

“पेटीत ठेवलाय.”

“का?”

“आधी तुझा दादा येऊ दे.”

“आणि पाळकसाहेब? घंटा का नाही वाजली?”

“पाळकसाहेब सकाळच्या गाडीनं जालन्याला गेले. सभा हाय त्यांची.”

“सभा पुढच्या महिन्यात असते, मामा.”

मामा स्वतःच्या पायांकडे बघत म्हणाला, “रुथे, तू आत्ता आलीस. पाणी पी.”

इथं थोडं मागचं सांगायला हवं. आमच्या आळीत माणसाला दोन नावं असायची. एक देवळातलं, एक शाळेतलं. देवळातलं नाव पाळक डोक्यावर पाणी शिंपून देत. शाळेतलं नाव बाप मास्तरांना सांगे. एका नावानं हाक मारायची, दुसऱ्या नावानं पोट भरायचं. सरकारदरबारी नियम असा, की बाप्तिस्मा घेतला की जुनी जात सुटली, आणि जात सुटली की तिच्यासाठी राखलेलं सगळं सुटलं. गावानं मात्र आमची जात कधी सोडली नाही. पाणवठ्यावर आम्ही तेच, चावडीपुढं तेच. म्हणून आज्या-पणज्यांनी कागदावर जुनी जात ठेवली आणि देव घरात ठेवला.

माझा भाऊ देवळात शिमोन आणि शाळेत श्रीमंत. श्रीमंत दुशिंग. ऐन विशीत त्यानं नदीकाठच्या गावस्मशानासाठी लढा उभारला. मांगवाड्याचं मढं तिथं जाळू देत नव्हते. दादा एका म्हातारीची तिरडी घेऊन वेशीत बसला. दगड आले, डोकं फुटलं, तरी उठला नाही. शेवटी ती म्हातारी नदीवरच जळाली. आमच्या आळीला त्या स्मशानाचा उपयोग नव्हता. आम्ही पुरणारी माणसं, आमचं कबरस्तान देवळामागं. लोक त्याला म्हणत, “ज्या ताटात जेवायचं नाही त्यापायी डोकं फोडून घेतलंस लेका.” तो हसून म्हणे, “जेवायचं नसलं तरी ताट आपलंबी पाहिजे.”

मग गायरानाचा लढा. पडीक माळ फोडून आमच्या आणि मांगवाड्याच्या लोकांनी बाजरी पेरली, तर पोलीस उभ्या पिकात घोडे घालायचे. दादा तुरुंगात गेला, सुटला, परत गेला. आणि एका निवडणुकीत लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन आमदार केला. ती जागा राखीव होती. ती श्रीमंत दुशिंगला मिळू शकत होती, शिमोन दुशिंगला नाही.

त्या निवडणुकीत पडलेल्या आप्पासाहेबांनी कोर्टात अर्ज लावला होता, की हा माणूस मुळात ख्रिस्ती आहे. पुरावा मिळत नव्हता. आळीतलं शेंबडं पोरही दादाला त्या दिवसांत शिमोन म्हणून हाक मारत नव्हतं. तिकडे गायरान कसणाऱ्यांच्या नावावर करायचे पट्टे मुंबईत सहीला थांबलेले. आमदारकी गेली तर पट्टे गेले, आणि पट्टे गेले की पुन्हा घोडे.

आणि माय? मायला यातलं काही नको होतं असं नाही. पण तिचं मागणं लहान होतं. देवळामागं आमच्या बापाची कबर होती, तिच्या शेजारची जागा मायनं झेंडू लावून राखली होती. दर रविवारी उपासना झाली की तिथं जाऊन बसायची. म्हणायची, “हितं निजायचं. पाय उगवतीला करून. कर्णा वाजला की नुस्तं उठून बसायचं, वळायचीबी गरज नको.” आमच्यात प्रेत असंच पुरतात, डोकं मावळतीला, पाय उगवतीला. शेवटच्या दिवशी मेलेल्यांना उठवायला तारणारा उगवतीकडून यायचा आहे. निजलेल्या माणसानं डोळे उघडले की पहिला तोच दिसावा.

मोटारी आळीच्या तोंडाशी थांबल्या. दादा एकटा आत आला, मागोमाग त्याचा माणूस नलगे. पांढरे कपडे प्रवासानं मळलेले. दादा मायच्या उशाशी बसला, तिच्या कपाळावर हात ठेवला आणि बराच वेळ उचललाच नाही. मग त्याची नजर वर गेली. तो उठला. कॅलेंडर खिळ्यावरून काढलं, गुंडाळलं आणि नलग्यांच्या हातात दिलं.

“मायला बापाशेजारी ठेवायचं,” तो म्हणाला. “पाळकांना बोलवा. घंटा वाजवा.”

माझ्या छातीवरचा दगड उतरला. नलगे मात्र पांढराफटक.

“साहेब, बाहेर झरेकर आलाय. कॅमेरा घेऊन. आप्पासाहेबांचा माणूस आहे तो.”

“काढू दे फोटो.”

“साहेब, सहीला आठवडासुद्धा उरला नाही. एवढा एक आठवडा...”

“नलगे, ही माझी माय आहे.”

“आणि ते?” नलग्यांनी दाराकडे हात केला. दारात, अंगणात, भिंतीला टेकून गायरानातली माणसं उभी होती. बोलली असती तर बरं झालं असतं. नुसती उभी होती, टोप्या हातात घेऊन.

तेव्हा मामा उंबऱ्यातून उठला.

“शिमोन,” तो म्हणाला. दोन वर्षांत ते नाव कुणी उच्चारलं नव्हतं. “शिमोन, बाळा, तिचीच विच्छा हाय. काल दिवेलागणीला माझा हात धरला तिनं. म्हनली, दावीद, मला नदीवर न्या. माझ्या लेकाची खुर्ची माझ्या मढ्यापायी जाऊ देऊ नगा. खुर्ची राह्यली तर इतक्या चुली पेटतील. माझं काय, देव राखेतूनबी उठवील.”

बोलताना मामाच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

दादा त्याच्याकडे बघत राहिला.

“मायनं असं म्हटलं?”

“म्हटलं.”

“तोंडानं म्हटलं?”

मामानं उपरण्यानं डोळे पुसले. “मंग? तोंडानंच की.”

सोनाकाकूच्या हातातला तांब्या खाली पडला आणि पाणी सारवलेल्या जमिनीवर पसरलं. ती उचलायला वाकली ती वर बघेचना.

दादानं हात पुढं केला. नलग्यांकडून कॅलेंडर घेतलं, उलगडलं आणि खिळ्याला परत अडकवलं. वाकडं बसलं होतं, ते सरळ केलं.

“मग तसंच करू,” तो म्हणाला.

“दादा! तिची जागा राखलेली आहे तिथं. झेंडू...”

“रुथे, मायचा शब्द आहे.”

मायच्या शब्दापुढं काय बोलायचं? उलट तिच्या मोठेपणानं मला भरून आलं. आयुष्यभर जे मागितलं, ते जाता जाता लेकावरून ओवाळून टाकलं म्हातारीनं.

आमच्या आळीतून प्रेत निघतं ते गात निघतं. पुढं ढोलकी-झांजा, मागं बाया, भजनाचा ठेका धरून. त्या दिवशी फक्त वहाणा वाजत होत्या. देवळापुढून तिरडी गेली तेव्हा सगळ्यांची मान आपोआप तिकडं वळली आणि आपोआप खाली गेली. नलग्यांनी बायांना घरीच थांबायला सांगितलं होतं; गावातल्या बाया स्मशानात जात नाहीत. पण आमच्या बायांना हे कुठं ठाऊक? त्या निघाल्या, मीही निघाले.

नदीत पाणी नव्हतं. वाळू, करंजाची दोन झाडं आणि काळ्या दगडांचा एक ओटा. झरेकर आधीच येऊन एका दगडावर बसला होता, तोंडात तंबाखू.

“अरे वा, बायका पण?” तो म्हणाला. “स्मशानात? काय नवी रीत काढली भाऊ?”

“वेशीत दगड आले तेव्हा याच बायका पुढं होत्या,” दादा म्हणाला. “तुम्ही मागल्या बाजूला होतात. दिसल्या नसतील.”

माणसं हसली. झरेकरही हसला, पण त्याचे डोळे हसत नव्हते. ते फिरत होते. आमच्या हातांवरून, गळ्यांवरून, मामाच्या ओठांवरून. कागद सापडत नव्हता ना, म्हणून तो माणसांच्या अंगावर पुरावा शोधत होता.

मामानं आणि आळीतल्या गड्यांनी लाकडं रचली. जन्मात कधी चिता रचली नव्हती कुणी. घरामागं सरपण रचतात तशी रचली, गच्च, हवेला फट न ठेवता. मग मायला उचललं आणि वर ठेवलं. कुणी कुणाला काही सांगितलं नाही, विचारलं नाही. हातांनी हातांचं काम केलं. पोटात भूक लागावी इतकं ते आतलं होतं. डोकं मावळतीला गेलं, पाय उगवतीला.

मला ते दिसलं आणि वाटलं, चला, एवढं तरी झालं. क्रूस नाही, भजन नाही, पण तोंड तरी तिच्या तारणाऱ्याकडं आहे.

झरेकरनं तंबाखू थुंकली. उठला. चितेभोवती एक फेरी मारली.

“भाऊ, राग मानू नका, एक विचारतो. आमच्या गावात दक्षिणोत्तर ठेवतात. माझा बाप इथंच जळाला, आजा इथंच जळाला. हे पाय उगवतीला कुणाच्यात करतात?”

त्यानं कॅमेरा गळ्यातून पुढं घेतला. वाळूतलं ऊन एकाएकी अंगाला लागलं. दोन वर्षं सगळ्यांनी जिभा सांभाळल्या होत्या. हात सांभाळायचे राहून गेले.

“नदीचा उतार तिकडं आहे ना...” नलगे म्हणाले.

“नदीला काय करायचंय? मढं काय पोहणार आहे?”

“पोरांना कळलं नाही,” दादा म्हणाला. आवाज अगदी साधा. “मामा, फिरवा.”

मामा हलला नाही.

“फिरवा म्हणतोय ना.”

कुणीच हललं नाही. हीच माणसं त्याच्या एका हाकेवर घोड्यांपुढं आडवी झाली होती. मामा तोंडात पदर कोंबावा तसा उपरण्याचा बोळा धरून उभा होता. हवं तर खुर्ची जाऊ दे, पट्टे जाऊ दे, पण हे आमच्या हातून होणार नाही, असं त्या हातांचं म्हणणं दिसत होतं.

मी पुढं झाले. “दादा, राहू दे. पाया पडते तुझ्या, एवढं राहू दे.”

त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. बाह्या मागं सारल्या. मायला दोन्ही हातांवर उचललं. फार हलकी झाली होती ती. लहानपणी तापात तिनं आम्हाला उचलावं तशी त्यानं तिला उचलली. मी वाळूत बसले, आणि त्यानं ती माझ्या मांडीवर दिली. मग त्यानं सगळी चिता मोडली. एक एक लाकूड घेऊन नव्यानं रचली. खाली जाड, वर बारीक, मध्ये वारा खेळायला जागा. मांगवाड्यातल्या म्हातारीच्या वेळी शिकला होता तो. सुंदर रचली. गावातल्या जाणत्यानंही नाव ठेवू नये अशी. आणि दक्षिणोत्तर.

मायचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी तिचं तोंड उगवतीकडे वळवून धरलं होतं, तेवढा वेळ.

“दे,” तो म्हणाला.

मी दिली.

त्यानं तिला ठेवलं, लुगड्याचा काठ नीट केला आणि तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवून मागं झाला. झरेकरनं एकदा कॅमेरा उचलला, पण काय मनात आलं कोण जाणे, फोटो न काढता खाली केला. तंबाखूची पुडी खिशात घातली आणि चढावरून निघून गेला. त्याला हवं होतं ते तिथं उरलं नव्हतं.

दादानं अग्नी दिला. भजन म्हणायचं नव्हतं. बाया ओठ मिटून उभ्या. मुकं प्रेत जळताना बघायची आम्हाला सवय नव्हती. लाकडं तडतडू लागली तेव्हा मला ते सहन होईना, आणि मायची जात्यावरची ओवी माझ्या तोंडून बाहेर पडली. ओवीला काय, ती कुणाचीही असते.

दळता कांडता माझ्या दुखल्या गं बाह्या
माझ्या उशाशी बसाया आला...

तिथं मी थांबले. पुढचा शब्द येशूराया. पिठाबरोबर रोज पहाटे तो शब्द त्या घरात पडायचा. मी तो गिळला. सगळ्या आळीला तो ऐकू आला तरीही. बाया हुंदके देऊ लागल्या. नलग्यांनी आजूबाजूला पाहिलं. दादा आगीकडे बघत होता, आणि त्याचे ओठ घट्ट होते, दोरीनं बांधल्यासारखे.

महिना उलटायच्या आत पट्टे मिळाले. पहिल्या वर्षीची बाजरी मला नगरला पोचती झाली. मामानं स्वतः आणून दिली. “तुझ्या मायची भाकर हाय ही,” म्हणाला. मी ती खाल्ली. गोड होती.

कोर्टातला अर्ज पुराव्याअभावी निकालात निघाला. आणि पुढच्या निवडणुकीला लोक हार घेऊन दारात आले, तेव्हा दादा दारात नव्हता. पुण्याला पाळकपणाचं शिक्षण घ्यायला गेला होता, पन्नाशीच्या उंबऱ्यावर, पोराएवढ्या मुलांबरोबर बाकावर बसून. आप्पासाहेब चावडीवर म्हणाले म्हणे, “बघा, मी सांगत होतो!” पण तेव्हा ते खरं ठरून कुणाच्या कामाचं नव्हतं. आमचेही काही लोक बोलले. राजकारणात दमला म्हणून देवाकडं आला. खुर्ची गेली, आता कबरस्तान सांभाळतो.

तो आमच्याच देवळाचा पाळक होऊन आला. त्याचा उपदेश ऐकायला लांबून लोक येत. हक्कांबद्दल बोले, माफीबद्दल फार कमी बोले. एक गोष्ट मात्र सगळ्या पंचक्रोशीत सांगितली जायची. कुणी वारलं की पाळकसाहेब स्वतः खड्ड्यात उतरतात. पेटी ठेवायच्या आधी हातानं दिशा बघतात, उगवत कुठं, मावळत कुठं. खोदणाऱ्याला चार वेळा विचारतात. म्हातारपणी गुडघे गेले तरी दोघांच्या आधारानं उतरायचे. लोक म्हणत, काय ही निष्ठा!

मीही तसंच समजत होते.

शेवटच्या आजारात मी त्याच्याजवळ राहिले. माझी नोकरी संपली होती, त्याचं कुणी नव्हतं. एका दुपारी मी त्याला पेज भरवत होते. खिडकीतून कबरस्तान दिसायचं. मामाची कबर, बापाची कबर, आणि तिच्या शेजारची ती मोकळी जागा. इतक्या वर्षांत तिथं त्यानं कुणाला पुरू दिलं नव्हतं.

“रुथे,” तो म्हणाला, “मामा खोटं बोलला होता.”

“कधी?”

“नदीवर न्या म्हणाली म्हणून. माय काही म्हणाली नव्हती.” त्यानं वाटी हातानं बाजूला केली. “ती जायच्या आदल्या दिवशी मी येऊन गेलो होतो. दौऱ्यात. मामा बाजाराला गेलेला. सोनाकाकू होती फक्त. मायची जीभ गेली होती, रुथे. अंगाची एक बाजू आणि जीभ. डॉक्टरला घेऊन आलो होतो मी. तो म्हणाला, आता वाचा यायची नाही. माझा हात धरून तासभर नुसती बघत होती. एक शब्द नाही.”

मी चमचा खाली ठेवला.

“म्हणून तू विचारलंस. तोंडानं म्हटलं का.”

“मामाला ठाऊक नव्हतं मला ठाऊक आहे ते. सोनाकाकू त्याला बोलली नव्हती. त्याला वाटलं, पोराला दार उघडून द्यावं. मला दार दिसलं, आणि मी बाहेर पडलो.” त्यानं स्वतःचे दोन्ही हात उघडून बघितले. “वर तिला फिरवलंही. मामाच्यानं झालं नाही, माझ्यानं झालं.”

“मामाला कधी बोललास?”

“काय बोलू? बहिणीचं मढं देऊन त्यानं आळीला भाकर आणली. त्याला मीच पुरला. कबरीवर उभं राहून म्हणालो, सज्जन माणूस होता. ते खोटं नव्हतं.”

“दादा, लोक उपाशी मेले असते रे.”

“हो. मेले असते. तेही खोटं नाही.” तो खिडकीबाहेर बघत होता. “म्हणून तर माफी मागायला जागा नाही. मागायची कुणाची? पोट भरलेल्यांची?”

मी त्याचं तोंड पुसलं. त्यानं माझं मनगट धरलं. इतक्या आजारातही पकड तुरुंगातल्या माणसाची.

“मला इथं पुरू नका. नदीवर न्या. तिला जिथं जाळली तिथं. आणि जशी ठेवली तसाच ठेवा, दक्षिणोत्तर. ती उठेल तेव्हा वळून बघावं लागेल तिला. मी शेजारी असलो म्हणजे सांगेन, माय, इकडं.”

“पाळकाला जाळायचं? मंडळी ऐकणार नाही, दादा.”

“तू सांग. मी तोंडानं सांगतोय. तू साक्षी आहेस.”

मी सांगितलं. तो गेला त्या सकाळी, देवळाची घंटा वाजत असताना, भरल्या अंगणात सांगितलं. मामाचा राफाएल आता मंडळीचा सेक्रेटरी. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“आक्का, शेवटी शेवटी भ्रमात होते ते. आम्हीबी ऐकलं, कायबाय बोलायचे.”

“भ्रमात नव्हता. मी नर्स आहे राफाएल, मला कळतं.”

“आक्का,” तो हळू म्हणाला, “जालन्याचे बिशप निघालेत. आसपासच्या मंडळ्या येणार. आमदार येणार, तहसीलदार येणार. ज्यानं आयुष्यभर आम्हाला सरळ पुरलं त्याला आम्ही नदीवर फुंकून येऊ? लोक काय म्हणतील? त्यांच्या मायची इच्छा असंल तशी, तिनं सांगितलं होतं. यांचं तसं न्हवतं.”

अंगणभर माना हलल्या. माझ्या तोंडाशी आलं होतं, की मायनं सांगितलं नव्हतं. पण समोर गायरानातली माणसं उभी होती, आता धडधाकट, नातवंडं कडेवर घेतलेली; आणि राफाएलच्या बापाची कबर तिथून दिसत होती. मुक्या बाईचा शब्द या लोकांनी पिढीभर पाळला होता. बोलत्या माणसाचा शब्द माझ्या ओंजळीत होता, आणि तो घ्यायला कुणी तयार नव्हतं.

बापाच्या शेजारी, त्या राखलेल्या जागेत, खड्डा खणला. फार गर्दी झाली. ढोलकी होती, झांजा होत्या, मायच्या वाट्याची सगळी भजनं त्याला मिळाली. राफाएल स्वतः खड्ड्यात उतरला. हातानं दिशा पाहिली, खोदणाऱ्याला विचारलं. डोकं मावळतीला, पाय उगवतीला. वर येऊन धूळ झटकत माझ्याकडे बघून मान हलवली, सगळं नीट आहे अशी.

मग एकेक जण पुढं होऊन मूठ मूठ माती टाकू लागला. माझी पाळी आली. मी वाकून मूठ भरली. पेटीवर माती पडल्याचे आवाज येत होते. मला मूठ उघडता येईना. मागच्या माणसानं हळूच म्हटलं, “आजी, टाका.” मी बाजूला झाले, गर्दीतून मागं आले आणि तशीच उताराला लागले.

नदीवर आता सिमेंटचा ओटा आहे, वर पत्रा आहे. कुणाचंही मढं तिथं जळतं, कुणी कुणाला अडवत नाही. मायची जागा मी करंजाच्या झाडांवरून अंदाजानं धरली. वाळूत बसले. देवळाकडून भजन ऐकू येत होतं, वाऱ्याबरोबर येई नि जाई.

“माय,” मी म्हटलं, “ही घे.”

मूठ सोडली. माती वाळलेली होती. थोडी उडून गेली, थोडी वाळूवर राहिली.